मॉनिटरच्या यूएसबी पोर्टला जीव कुठून येतो?

माझ्या मामेबहिणीने मागच्या महिन्यात 27 इंची मॉनिटर घेतला, मागे चार यूएसबी पोर्ट, तिला वाटलं आता टेबलाखाली वाकून सीपीयूच्या मागे चाचपडत पेनड्राईव्ह लावायची कटकट संपली. चित्राची एचडीएमआय केबल लावली, चित्र झकास आलं, मग कीबोर्ड मॉनिटरला लावला तर ढिम्म. पेनड्राईव्हपण दिसेना. पण मोबाईल लावला तर चार्ज होतोय! तिने फोन करून विचारलं, पोर्ट खराब आलेत का रे, परत पाठवू का. मी विचारलं खोक्यात एक जाडसर, एका टोकाला चौकोनी तोंड असलेली केबल होती का, तर म्हणाली, "ती प्रिंटरची ना? माळ्यावर टाकली खोक्यासकट."

ती प्रिंटरची नव्हती, मॉनिटरचीच होती. आणि हा गोंधळ इतक्या घरांत होतो की नीट समजून घेण्यासारखा आहे.

एचडीएमआयच्या प्लगमध्ये 19 पिना असतात. त्यातून चित्र जातं, आवाज जातो, मॉनिटर आपली ओळख सांगतो की मी अमुक रिझोल्यूशनचा आहे, पण यूएसबीसाठी त्यात एकही तार नाही. म्हणजे मॉनिटरच्या पोर्टमध्ये लावलेल्या कीबोर्डचं म्हणणं कॉम्प्युटरपर्यंत पोचायला रस्ताच नसतो. मग मोबाईल चार्ज कसा होतो? कारण मॉनिटर भिंतीतल्या प्लगमधून स्वतःची वीज घेतो आणि बरेच मॉनिटर त्यातले 5 व्होल्ट पोर्टला तसेच देत राहतात. करंट आहे, डेटा नाही.

आता मला ज्यात खरी मजा वाटते ती गोष्ट. यूएसबीमध्ये सगळी सत्ता कॉम्प्युटरकडे असते. माऊस आपणहून कधीच बोलत नाही, कॉम्प्युटर त्याला सारखा विचारत राहतो, हललास का, हललास का, साध्या माऊसला सेकंदाला साधारण 125 वेळा, आणि विचारलं की मगच तो उत्तर देतो. अगदी शाळेतल्या हजेरीसारखं, बाईंनी नंबर पुकारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. नवीन वस्तू लावली की तिला आधी स्वतःचा नंबर नसतो, ती शून्य नंबरवर उत्तर देते, मग कॉम्प्युटर तिला 1 ते 127 मधला एखादा नंबर देतो आणि तिथून पुढे ती त्या नंबरने ओळखली जाते. मॉनिटरच्या आत जी छोटी चिप बसवलेली असते तिला हब म्हणतात, आणि तिचं काम वर्गातल्या मॉनिटरसारखंच आहे, बाईंचा निरोप मुलांपर्यंत आणि मुलांचा बाईंपर्यंत. पण बाईच वर्गात नसतील तर हजेरी घेणार कोण? ती चौकोनी केबल लावेपर्यंत हबला कॉम्प्युटर भेटलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या पोर्टात काही लावा, कोणालाच नंबर मिळत नाही.

त्या चौकोनी तोंडालाही कारण आहे. त्याला टाईप बी म्हणतात, आणि नेहमीचं चपटं ते टाईप ए. ए हे कॉम्प्युटरच्या बाजूचं, बी हे वस्तूच्या बाजूचं, मुद्दाम वेगळे आकार ठेवले म्हणजे दोन कॉम्प्युटर चुकून एकमेकांना जोडले जाऊन दोन्हीकडून वीज भिडायला नको. पहिलं यूएसबी 1996 साली आलं, इंटेलमध्ये हे काम ज्यांनी पुढे नेलं त्यात अजय भट्ट होते, आणि ते शिकले बडोद्याला, आपल्या सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात. 2013 साली त्यांना युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड मिळालं. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

केबल लावताना एक बघा, पोर्ट निळे असतील तर ते बहुतेक यूएसबी 3 चे असतात, सेकंदाला 5 गिगाबिट वेगाचे, आणि त्यांच्या टाईप बी तोंडाला वर एक छोटं टेंगूळ असतं. जुन्या प्रिंटरची साधी बी केबल त्यात बसते, सगळं चालतंही, पण वेग 480 मेगाबिटवर येतो कारण वेगाच्या जास्तीच्या तारा तिच्यात नसतातच. माऊसला काही फरक पडत नाही, हार्डडिस्कला भरपूर पडतो.

टाईप सी लॅपटॉप असेल तर एकाच केबलमधून चित्र, यूएसबी आणि चार्जिंग सगळं होऊ शकतं, म्हणून लोकांना वाटतं कुठलीही सी केबल चालेल. चालत नाही. मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेल्या बऱ्याच सी केबलमध्ये वेगवान तारा नसतात, आणि काही लॅपटॉपच्या सी पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही. पूर्ण तारांच्या केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात, चित्राने चारही घेतल्या तर यूएसबीला उरते ती जुनी 480 मेगाबिटची वेगळी जोडी. म्हणून 4के चित्र 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा ताजं होत असताना, मॉनिटरला लावलेली हार्डडिस्क अचानक रडतखडत चालते. काही मॉनिटरच्या मेनूत रिझोल्यूशन हवं की डेटाचा वेग हवा असं सेटिंग असतं, वेग निवडला की दोन जोड्या यूएसबीला मिळतात, मात्र मग काही सेटअपमध्ये चित्र 30 हर्ट्झवर उतरतं आणि माऊसचा बाण अडखळल्यासारखा दिसतो. मी स्वतः चित्रच निवडीन आणि हार्डडिस्क थेट लॅपटॉपला लावीन.

ज्या मॉनिटरला बी आणि सी दोन्ही आहेत त्यात कुठला कॉम्प्युटर यूएसबीचा मालक हेही मेनूत ठरवावं लागतं. आणि काही मॉनिटरमध्ये स्क्रीन झोपली की पोर्टही झोपतात, मग मॉनिटरला लावलेल्या कीबोर्डने कॉम्प्युटर उठत नाही, त्याचंही सेटिंग तिथेच सापडतं, नावं कंपनीप्रमाणे वेगळी.

बहिणीच्या घरी मुलाला माळ्यावर चढवून खोका खाली काढला. चौकोनी टोक मॉनिटरला, चपटं सीपीयूच्या मागच्या निळ्या पोर्टला. ड्रायव्हर वगैरे काही टाकावं लागलं नाही, टुंग टुंग असे आवाज आले, आधी हब, मग कीबोर्ड, मग पेनड्राईव्ह, एकेकाला नंबर मिळत गेला.