चार टनांची घंटा आणि न संपणारी बेरीज-वजाबाकी

२७ जुलै १९६३ रोजी इंग्लंडमधल्या लाफबरो इथे, घंटा ओतणाऱ्या एका कारखान्याच्या मनोऱ्यात आठ जण सकाळी सातच्या आत आपापला दोर धरून उभे राहिले. थांबले ते मध्यरात्र उलटल्यावर, १७ तास ५८ मिनिटांनी. मधे कुणी बदली घेतली नाही. तेवढ्या वेळात त्यांनी आठ घंटा ४०,३२० क्रमांनी वाजवल्या आणि एकही क्रम दुसऱ्यांदा येऊ दिला नाही. आठ वस्तू जितक्या तऱ्हांनी ओळीत मांडता येतात तो आकडाही नेमका ४०,३२० आहे. म्हणजे पुढे वाजवण्यासारखं काही उरलंच नाही. एकाच चमूने मनोऱ्यातल्या आठ घंटांवर हे आजवर तेवढ्या एकदाच केलं आहे.

या छंदाचं नाव चेंज रिंगिंग. सतराव्या शतकात तो इंग्लंडमध्ये रुजला आणि आजही बहुतांशी तिथेच आहे. त्याला १९११ पासून स्वतःचं साप्ताहिक आहे. चर्चच्या मनोऱ्यात वाजवणारे सगळेच धार्मिक असतात असंही नाही. यात चाल नाही, गाणं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसता घणघणाट ऐकू येतो आणि शेजारी राहणाऱ्यांचा त्यावरचा राग मला समजू शकतो. पण आत मनोऱ्यात जे चाललेलं असतं, ते भौतिकशास्त्रातून निघून गणितात शिरतं.

सुरुवात घंटेच्या वजनापासून करायला हवी. लिव्हरपूल कॅथीड्रलमध्ये चेंज रिंगिंगसाठी वाजवल्या जाणाऱ्या घंटांमधली सगळ्यात मोठी घंटा चार टनांहून जड आहे. अशी घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली असते आणि वाजवण्याआधी तोंड वर करून उलटी उभी केलेली असते. दोर ओढला की ती खाली येते, पूर्ण चक्कर मारते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा उलटी उभी राहते. पुढच्या ओढीला तीच चक्कर उलट दिशेने. झोका थेट डोक्यावर उभा राहीपर्यंत चढवता आला तर जसं होईल, तसंच हे. लंबकाचा आंदोलनकाळ ठरावीक असतो असं आपण शाळेत शिकतो, पण ते लहान झोक्यांपुरतंच खरं. लंबक वर, थेट डोक्यावरच्या उभ्या स्थितीच्या जितका जवळ जातो तितका तो वर रेंगाळतो. म्हणून वाजवणारा घंटेला बोटभर जास्त वर जाऊ देऊन ठोका लांबवू शकतो, किंवा जरा अलीकडेच अडवून लवकर आणू शकतो. पण थोडंसंच. एवढ्या वजनापुढे माणसाची ताकद तेवढीच चालते.

या ‘थोडंसंच’मधून खेळाचा नियम जन्मला: एका क्रमातून पुढच्या क्रमात जाताना कुठलीही घंटा फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकेल. तीन घंटांचं उदाहरण घ्या. १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२, आणि परत १२३. दर वेळी फक्त शेजारच्या दोघी जागा बदलतात, आणि सहाही क्रम एकेकदा येऊन जातात. तीनला हे सोपं आहे. चार घंटांचे २४ क्रम होतात, सातांचे ५,०४०. बारा घंटांचे ४७,९०,०१,६००. न थांबता वाजवले तर तीसहून जास्त वर्षं लागतील.

सात घंटांचे ५,०४० क्रम वाजवायला सुमारे तीन तास लागतात. त्याला पील म्हणतात आणि निष्ठेची खरी कसोटी तिथे लागते. समोर कागद ठेवायचा नाही. प्रत्येकाने आपल्या घंटेची वाट पाठ केलेली असते. शिकताना आकड्यांच्या तक्त्यातून त्या वाटेवर एक निळी रेघ ओढतात आणि ती रेघ डोक्यात बसवतात. दोन ठोक्यांमध्ये साधारण पाव सेकंदाचं अंतर. शिवाय दोर ओढल्यावर घंटा लगेच वाजत नाही. ती फिरून येईपर्यंत वेळ जातो आणि जड घंटेला तो जास्त लागतो, म्हणून ओढ आधीच सुरू करावी लागते. आपण कोणाच्या मागून वाजवायचं हे वर-खाली होणारे इतर दोर पाहून ओळखायचं. ही नजर कुणाला शिकवून येत नाही. महिनोन् महिने काहीच कळत नाही आणि मग हळूहळू त्या गर्दीत क्रम दिसायला लागतो.

पील संपल्यावरही सुटका नाही. रचनेत एखादा क्रम दोनदा आला होता असं पुढे कधी सिद्ध झालं, तर ती पील खोटी ठरते, मग वाजवून कितीही वर्षं झालेली असोत. खाली उभ्या असलेल्या एकाही माणसाला तो फरक ऐकू आलेला नसतो!

माणसं इतकं का करतात? एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना बरंच अवघडून टाकणारं काम दिलं, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. जास्त सोसलेल्यांना ती अधिक रंजक वाटली. घंटा शिकणाऱ्यांनाही सोसावं लागतंच; आधी एकट्याने घंटा ताब्यात ठेवायला शिकायचं आणि जास्त जोर लागून ती आवरली नाही तर दोर वेळीच सोडायचा, नाहीतर माणूस दोराबरोबर वर उचलला जातो. तरीही मला हे स्पष्टीकरण अर्धंच वाटतं. त्यातून माणूस आत का टिकतो हे थोडं कळतं. तो तीस-चाळीस वर्षं कोडी का सोडवत राहतो, हे नाही.

आणि कोडी खरोखर अवघड आहेत. ‘ग्रँडसर ट्रिपल्स’ नावाच्या पद्धतीत वाट बदलण्याच्या दोन प्रकारच्या सूचना असतात. त्यांपैकी एकच प्रकार वापरून सगळे ५,०४० क्रम येतील का, असा प्रश्न होता. डब्ल्यू. एच. थॉम्पसन यांनी १८८६ मध्ये ते अशक्य असल्याचं सिद्ध केलं. गणितज्ञ रॉबर्ट रँकिन यांनी १९४८ मध्ये तीच कल्पना गटसिद्धांतातलं एक व्यापक प्रमेय म्हणून मांडली. ‘स्टेडमन ट्रिपल्स’ या दुसऱ्या पद्धतीबद्दलचा तसाच प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत लोंबकळत राहिला. तिथे उत्तर ‘शक्य आहे’ असं निघालं. कागदावर उत्तर मिळालं म्हणजे गणितज्ञाचं काम संपतं. या मंडळींनी ते मनोऱ्यात जाऊन वाजवलंही.

२०२० मध्ये महामारीमुळे मनोरे बंद झाले, तेव्हा यांच्यातल्याच दोघांनी ‘रिंगिंग रूम’ नावाची ऑनलाइन जागा तयार केली. घरोघरी बसून माणसं कीबोर्डची कळ दाबून घंटा वाजवू लागली. कळीला वजन नसतं. पहिली घंटा एका उडीत आठव्या जागी नेता आली असती, कुणी अडवणारं नव्हतं. तिथेही ती एकेकच जागा सरकत राहिली.