बारा कॉलेजांचे एक कॉलेज : कनेटिकटमधल्या विलीनीकरणाच्या मंजुरीमागची गोष्ट

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात 1 जुलै 2023 रोजी बारा सरकारी कम्युनिटी कॉलेजांचे, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक कॉलेजांचे, मिळून 'कनेटिकट स्टेट', म्हणजेच 'सीटी स्टेट', हे एक कॉलेज झाले. योजना जाहीर झाली होती एप्रिल 2017 मध्ये, आणि तेव्हा ठरले होते की दोन वर्षांत, म्हणजे जुलै 2019 पर्यंत, सगळे उरकायचे. प्रत्यक्षात सहा वर्षांहून अधिक काळ गेला. हा उशीर का झाला, याची उत्तरे बहुतेक ठिकाणी दोनच मिळतात. प्राध्यापकांनी विरोध केला म्हणून, किंवा पैसे नव्हते म्हणून. दोन्ही खरी आहेत, पण मेख तिसरीकडेच होती. बारा संस्था संपून एक उभी राहते, तेव्हा ती जुनीच संस्था बदललेल्या रूपात असते, की सर्वस्वी नवी? या प्रश्नाचे उत्तर कोण देणार आणि कशाच्या आधारावर, यावर घोडे अडले होते.

फार मागे जायची गरज नाही. नॉरवॉकचे कॉलेज 1961 चे, मँचेस्टरचे 1963 चे, बाकीची बहुतेक त्यानंतरच्या काही वर्षांतली. त्यांच्याबरोबरीने राज्यात पाच टेक्निकल कॉलेजे वेगळी चालत. 1992 मध्ये ती पाच कम्युनिटी कॉलेजांत मिसळली आणि सतराची बारा झाली. न्यू हेवनचे गेटवे, हार्टफर्डचे कॅपिटल, नॉर्विचचे थ्री रिव्हर्स ही नावे त्याच वेळची. हे एकत्रीकरण त्या त्या शहरापुरते होते, शेजारशेजारच्या दोन संस्थांचे. राज्याच्या एका टोकाच्या डॅनियलसनच्या मुलीचा प्रवेश आणि दुसऱ्या टोकाच्या ब्रिजपोर्टच्या मुलाचा प्रवेश एकाच रजिस्टरमध्ये असेल, ही कल्पना त्यात नव्हती.

त्या कल्पनेचा पाया 2011 मध्ये घातला गेला. त्या वर्षीच्या कायद्याने चार राज्य विद्यापीठे, बारा कम्युनिटी कॉलेजे आणि एक ऑनलाइन कॉलेज, अशा सतरा संस्था एकाच नियामक मंडळाखाली आल्या. संस्था एकत्र करायचा किंवा बंद करायचा अधिकारही कायद्याने मंडळालाच दिला. अट दोन तृतीयांश मतांची. विधिमंडळाला फक्त सूचना द्यायची, त्याची मंजुरी घ्यायची नाही. हे कलम तेव्हा फारसे कुणाच्या डोळ्यांवर आले नाही. सहा-सात वर्षांनी मात्र आमदारांच्या लक्षात आले की आपल्या मतदारसंघातले कॉलेज स्वतंत्र राहणार की नाही, हे ठरवताना आपले मत लागतच नाही. मग विधिमंडळाची मंजुरी सक्तीची करणारी विधेयके आली, सुनावण्यांत प्राध्यापक आणि विद्यार्थी बोलले, पण विलीनीकरण रोखेल असा कायदा झाला नाही. माझ्या मते हे कलम चुकीचे होते. गावातल्या लोकांनी उभ्या केलेल्या संस्थेचे वेगळेपण संपवायचे, तर तो निर्णय निवडून आलेल्या माणसांच्या सहीशिवाय होऊ नये.

2017 ची योजना तुटीतून आली. राज्याची तिजोरी रिकामी, विद्यार्थिसंख्या काही वर्षे उतरणीला लागलेली, आणि बारा कॉलेजांत बारा अध्यक्ष, बारा प्रवेश विभाग, बारा हिशेब विभाग. वरचा कारभार एकत्र केला की वर्षाला सुमारे 2.8 कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब मांडला गेला. कोणतेही ठिकाण बंद होणार नाही, हे आश्वासन पहिल्या दिवसापासून होते, आणि ते पाळले गेले हे नोंदवायला हवे. डिसेंबर 2017 मध्ये मंडळाने योजना मंजूर केली. राज्याच्या बाजूने काम झाले होते. राहिली होती ती अधिस्वीकृती, म्हणजे कॉलेजाच्या दर्जाला मान्यता, देणाऱ्या प्रादेशिक आयोगाची संमती.

हा आयोग सरकारी नाही. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या, विद्यापीठांनी आणि कॉलेजांनीच आपापसांत उभी केलेली ही संस्था. तिच्या समित्यांवर दुसऱ्या कॉलेजांतलेच लोक बसतात. पण 1952 च्या सैनिक-शिक्षण कायद्यापासून, आणि विशेषतः 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यानंतर, केंद्र सरकारने विद्यार्थ्यांच्या मदतीचे पैसे या अधिस्वीकृतीला बांधून टाकले. आयोगाचा शिक्का नसेल तर त्या कॉलेजातल्या मुलांना पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारे अनुदान) नाही, केंद्राचे शैक्षणिक कर्ज नाही. कम्युनिटी कॉलेजांत येणारी मुले बहुतांशी कमी उत्पन्नाच्या घरांतली असतात. त्यामुळे इथे कागद अडकला की थेट मुलांची फी अडकते. आपल्याकडे नॅकची श्रेणी घसरली तर कॉलेजाची पत जाते. तिकडे अधिस्वीकृती गेली तर कॉलेजच जाते.

नियामक मंडळाने मार्च 2018 मध्ये अर्ज केला तो 'सबस्टँटिव्ह चेंज' म्हणून. सगळा गुंता या दोन शब्दांत आहे. शब्दशः अर्थ घेतला तर 'भरीव बदल'. केंद्राच्या नियमांनुसार प्रत्येक अधिस्वीकृती संस्थेकडे अशा बदलांसाठी वेगळी कार्यपद्धती असावी लागते. मालकी बदलली, नवी पदवी सुरू केली, दूर कुठे नवे केंद्र उघडले, दुसरी संस्था सामावून घेतली, की कॉलेजाने आधी अर्ज करायचा आणि आयोगाने पाहायचे की हा बदल पेलण्याइतकी ताकद त्या कॉलेजात आहे का. या साऱ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. बदलणारी संस्था आधीपासून आहे, तिला अधिस्वीकृती आहे, आणि बदलानंतरही तीच राहणार आहे.

बँकांचे उदाहरण घेतले तर हे लगेच समजेल. 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत गेली. मराठवाड्यातल्या गावोगावच्या शाखांवरच्या पाट्या बदलल्या, खातेदारांचे आयएफएससी कोड बदलले, नवी चेकबुके आली. पण स्टेट बँकेकडे परवाना आधीपासूनच होता. म्हणून ते विलीनीकरण, एक दुसऱ्यात विरघळणे. अमेरिकेतही कॉलेजांची बहुतेक विलीनीकरणे अशीच होतात, एकाची अधिस्वीकृती पुढे चालू राहते आणि दुसरे तिच्याखाली येते. कनेटिकटमध्ये बारापैकी एकही पुढे चालू राहणार नव्हते. सगळ्यांनी आपापले परवाने खाली ठेवायचे आणि अजून परवाना न मिळालेल्या तेराव्याने उभे राहायचे, अशी योजना होती. आपल्या भाषेत याला एकत्रीकरण म्हणता येईल. विलीनीकरण हा शब्द इथे तंतोतंत बसत नाही. मीही शीर्षकात तोच वापरला आहे, कारण रूढ तोच आहे.

एप्रिल 2018 मध्ये आयोगाने नकार दिला. बदलाचा आवाका प्रचंड, वेळ अपुरा, आणि बदल घडवायला लावलेला पैसा तुटपुंजा. यात विद्यार्थ्यांची घडी विस्कटण्याचा धोका मान्यता देण्याच्या पलीकडचा आहे, असा त्याचा आशय. आणि खरी कळीची गोष्ट अशी की हे नवे कॉलेज 'भरीव बदला'च्या वाटेने येऊ शकत नाही, त्याला नव्या संस्थेसारखे उमेदवार म्हणून यावे लागेल, हा आयोगाचा रोख होता. उमेदवारीचा मार्ग म्हणजे वर्षानुवर्षे स्वमूल्यमापन, भेटी, अहवाल. मंडळाच्या बाजूने या निर्णयावर नाराजी उमटली. तीच इमारत, तेच शिक्षक, तीच मुले, मग नवे काय, असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल वाजवी वाटतो, पण तो पुरता नाही. हार्टफर्डचे कॅपिटल कॉलेज मेन स्ट्रीटवर, जिथे पूर्वी जी. फॉक्सचे मोठे डिपार्टमेंट स्टोअर होते त्या इमारतीत भरते. इमारत तीच राहणार हे खरे. पण त्या इमारतीत बसून अभ्यासक्रमावर मत देणारी शिक्षकांची समिती, अंदाजपत्रक ठरवणारा अध्यक्ष, विद्यार्थ्याची तक्रार ऐकून तिथल्या तिथे निर्णय देऊ शकणारा माणूस, हे सगळे दुसरीकडे जाणार होते. अधिस्वीकृती इमारतीला मिळत नाही, ती निर्णय घेण्याच्या या व्यवस्थेला मिळते. ती व्यवस्थाच बदलत असेल तर संस्था नवी आहे, असे म्हणण्यात आयोग शब्दांचा कीस पाडत नव्हता. 2018 चा नकार योग्य होता, असे मला वाटते. चौदा महिन्यांत बारा ठिकाणच्या हजारो विद्यार्थ्यांचे दाखले, मदत आणि श्रेयांक (क्रेडिट) एका यंत्रणेत ओतले असते, तर चुकांचा भुर्दंड त्या मुलांनीच भरला असता.

दुसरी बाजूही तितक्याच जवळून पाहायला हवी. समजा, न्यू ब्रिटनची एक मुलगी नोकरी सांभाळून शिकते आहे. तिला लेखाशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग फार्मिंग्टनच्या टनक्सिसमध्ये मिळतो, आणि जीवशास्त्राची प्रयोगशाळा तिच्या सुट्टीच्या दिवशी हार्टफर्डला कॅपिटलमध्ये. दोन्ही कॉलेजे सरकारी, एकाच मंडळाची. पण केंद्राच्या मदतीच्या नोंदवहीत दोघांचे क्रमांक वेगळे, म्हणून एकाच वेळी दोन्हीकडून पेल ग्रँट घेता येत नाही. एक कॉलेज 'घरचे' ठरवायचे, दुसरीकडचे श्रेयांक तिथे मोजले जातील अशी कागदपत्रे करून घ्यायची. दोन अर्ज, दोन गुणपत्रके. एखादा विषय एका ठिकाणी पदवीच्या अटीत बसायचा, दुसरीकडे नुसता ऐच्छिक म्हणून धरला जायचा. एक कॉलेज झाले की हे सारे मिटते, कारण मग टनक्सिस आणि कॅपिटल ही एकाच क्रमांकाखालची दोन ठिकाणे होतात. एकत्रीकरणाच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच होता. खेद एवढाच की 2017 मध्ये तो बचतीच्या आकड्यामागे झाकला गेला आणि लोकांनी आधी आकडाच ऐकला.

नकारानंतर योजना गुंडाळली गेली नाही, तिचे वेळापत्रक 2023 पर्यंत लांबवले गेले. मधल्या काळात एक चमत्कारिक स्थिती होती. बारा कॉलेजे आपापल्या अधिस्वीकृतीवर चालूच होती, आणि शेजारी तेरावे आकार घेत होते, ज्यात एकही विद्यार्थी नव्हता. त्याचे हंगामी अध्यक्ष नेमले गेले, मध्यवर्ती अधिकारी नेमले गेले, तीन विभागीय अध्यक्ष आले. बचतीसाठी काढलेल्या योजनेत आधी नव्या पगारांचीच भर पडली, आणि कॉलेजांत जागा रिकाम्या राहिल्याची तक्रार शिक्षक करत राहिले. शिक्षक-सभांनी अविश्वासाचे ठराव केले, सह्यांची निवेदने थेट आयोगाकडे गेली. आयोगही याच सुमारास आपल्या मूळ संघटनेतून वेगळा होऊन नव्या नावाने काम करू लागला होता. नियम मात्र तेच राहिले.

सगळ्यांत कष्टाचे काम होते अभ्यासक्रम जुळवण्याचे. बारा ठिकाणचे शेकडो विषय एका यादीत आणायचे, प्रत्येकाचा क्रमांक, श्रेयांक, पूर्वअट एकसारखी करायची. वाद पेटला तो 'सीसीएस 101' या विषयावर. कॉलेज आणि नोकरीतल्या यशासाठीचा हा तीन श्रेयांकांचा विषय पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा करायचे ठरले. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला अशी ओळख हवी, हे कुणीच नाकारत नव्हते. पण दोन वर्षांच्या पदवीत साधारण साठ श्रेयांक असतात. त्यातले तीन इकडे गेले की इतिहास, भाषा, कला यांपैकी काहीतरी जाते, आणि काय जाणार हे वर्गात शिकवणाऱ्याने ठरवायचे की वरच्या कार्यालयाने, हा भांडणाचा गाभा होता. आयोगाच्या कसोट्यांत अभ्यासक्रमावर शिक्षकांचा अधिकार हा मुद्दा असल्याने हे भांडण घरातले राहिले नाही, ते मंजुरीच्या फाइलीत पोहोचले.

शेवटचा अर्ज आला तो पुन्हा 'भरीव बदल' म्हणूनच. म्हणजे 2018 मध्ये जी वाट बंद आहे असे वाटले, तीच पुढे मोकळी झाली. फरक इतकाच की आता अर्जामागे नुसती कल्पना नव्हती, नेमलेली माणसे, ठरलेला कारभार आणि जुळवलेली विषययादी होती. शब्द तोच राहिला, त्यात बसवायच्या वस्तूला मात्र मधल्या वर्षांत आकार आला. त्याच दिवशी, 1 जुलै 2023 ला, शेजारच्या व्हरमाँटमध्ये तीन सरकारी संस्थांचे एक विद्यापीठ सुरू झाले, आणि तेही याच आयोगाच्या संमतीने.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातून आपल्याकडचे समूह विद्यापीठ आठवेल. मुंबईतली विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय या चार सरकारी महाविद्यालयांचे 2019 मध्ये एक राज्य विद्यापीठ झाले. तिथे पदवी देण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने आला. अधिस्वीकृती ही नंतरची गोष्ट. कनेटिकटमध्ये तसे नव्हते. राज्याचा होकार आधी मिळाला, आणि तो पुरेसा नव्हता.

कॉलेजांच्या पाट्यांवर आता 'सीटी स्टेट' हे नाव आधी येते आणि जुने नाव मागे, जसे सीटी स्टेट नॉरवॉक, सीटी स्टेट असनंटक. 2023 पूर्वी ज्यांनी पदवी घेतली, त्यांच्या कागदावर जुन्याच कॉलेजाचे नाव आहे. अर्धे शिक्षण सोडून गेलेला एखादा आज परत आला, तर त्याचे जुने श्रेयांक नवी यादी लावून तपासले जातात, आणि ते काम त्याच इमारतीत बसलेला समुपदेशक करतो.