एअरलॉक नेमका कुणासाठी?

ब्रिस्टलला शिकणाऱ्या पुतण्यानं नवशिक्यांचं सायडर किट आणलं, म्हणजे घरी सफरचंदाची दारू करायचा संच. साडेचार लिटरची काचेची बरणी, यीस्टची पुडी, घनता मोजायचा हायड्रोमीटर आणि बुचात बसवायचा, पाणी भरलेला प्लास्टिकचा एअरलॉक, जो आतला वायू बाहेर सोडतो पण बाहेरची हवा आत घेत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा ठाण्याला फोन: "काका, बूच सैल राहिलं होतं. रात्रभर हवा गेली असणार आत. आता दारू व्हायची नाही ना?"

तो शाळेत शिकलेलंच बोलत होता. ऑक्सिजन असला तर ऑक्सिश्वसन, नसला तर विनॉक्सिश्वसन आणि अल्कोहोल. परीक्षेपुरतं ठीक आहे. यीस्ट मात्र असं वागत नाही.

सफरचंदाच्या रसात लिटरला साधारण 100 ते 120 ग्रॅम साखर असते. एवढी साखर पुढ्यात असली की सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, म्हणजे पावाचं आणि दारूचं नेहमीचं यीस्ट, भरपूर ऑक्सिजनमध्येही अल्कोहोल बनवत राहतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. साखर वाढली की श्वसन मंदावतं, हे हर्बर्ट क्रॅबट्री या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञानं 1929 मध्ये दाखवलं, तेही कर्करोगाच्या गाठींमधल्या पेशींत. यीस्टला त्याचं नाव मागाहून चिकटलं.

आत काय होतं? ग्लुकोजचा रेणू मोडून पायरुव्हेटचे दोन रेणू बनतात आणि पेशीच्या पदरात 2 एटीपी, म्हणजे ऊर्जेची सुटी नाणी, पडतात. पुढे दोन वाटा फुटतात. पायरुव्हेट तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या श्वसनाच्या भट्टीत, जाऊन पूर्ण जळलं तर कित्येक पट एटीपी मिळतात. दुसऱ्या वाटेनं गेलं तर कार्बन डायऑक्साइड सुटतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि त्याचं इथेनॉल होतं. या वाटेवर आणखी एकही एटीपी मिळत नाही. मग ती धरायची कशाला? ग्लुकोज मोडताना एनएडी+ हा वाहक इलेक्ट्रॉन उचलून एनएडीएच होतो. तो रिकामा झाला नाही तर पुढचं ग्लुकोज मोडणंच थांबेल. अ‍ॅसिटाल्डिहाइड ते इलेक्ट्रॉन स्वतःवर घेतं आणि वाहक पुन्हा कामाला मोकळा होतो.

संध्याकाळचं ठाणे स्टेशन आठवा. गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होतात, पूल तेवढाच, मग लोंढा वाट फुटेल तिकडे वळतो. तंतुकणिका म्हणजे तो पूल. यीस्टची तऱ्हा याहून न्यारी. साखर भरपूर दिसली की ते श्वसनाची बरीच जनुकंच दाबून ठेवतं, म्हणजे ऐन गर्दीत पूल बंद!

ही उधळपट्टी वाटते, पण नाही. घाईनं साखर संपवली की ती इतरांना मिळत नाही, शिवाय अल्कोहोल बहुतेक प्रतिस्पर्धी जंतूंना मारक. साखर संपल्यावर ऑक्सिजन असेल तर हेच यीस्ट आपण बनवलेलं अल्कोहोल खाऊ लागतं. गरयुक्त फळं पृथ्वीवर पसरली त्या सुमारास ही खोड यीस्टला लागली असावी, असा एक अंदाज आहे.

पुतण्याला म्हटलं, रात्रीच्या हवेनं झाली तर मदतच झाली. पेशीपटलासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल यीस्टला ऑक्सिजनशिवाय बनवता येत नाही. म्हणून तर यीस्ट टाकताना रस चांगला ढवळतात.

मग एअरलॉक कशाला? एक म्हणजे वायूला वाट हवी. साडेचार लिटर रसातून सव्वाशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, बरणी गच्च बंद केली तर फुटेल. दुसरं कारण अ‍ॅसिटोबॅक्टर. या जिवाणूला ऑक्सिजन लागतोच, आणि तो मिळाला की अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल होतं. वायूचा जोर ओसरल्यावर हवा आत शिरली की सायडरचा व्हिनेगर व्हायला लागतो.

तोच व्हिनेगर आमच्या नौपाड्यातल्या दुकानांत 'मदर'सकट, चढ्या भावानं विकला जातो. मदर म्हणजे जिवाणू आणि त्यांनी विणलेलं सेल्युलोज. त्यात चमत्कार काही नाही. हा व्हिनेगर पिऊन वजन घटतं असं सांगणारा लेबननमधला एक अभ्यास 2024 मध्ये फार गाजला. आकडेवारीतल्या गफलतींमुळे 2025 मध्ये तो मागे घेतला गेला, पण सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतोय. रोज सकाळी हे आम्ल पिऊन दातांचं एनॅमल तेवढं झिजेल.

वाशीच्या एपीएमसी बाजारातून सफरचंदांची पेटी आणून आपणही करू, असं कुणाच्या मनात आलं असेल तर थांबा. इंग्लंडमध्ये घरापुरतं सायडर करायला मुभा आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.

पुतण्याचा पुढचा प्रश्न: बुडबुडे थांबले, आता बाटल्या भरू? नको. बुडबुडे गारठ्यानंही थांबतात. हायड्रोमीटर बघायचा. सुरुवातीला 1.048 च्या आसपास असलेली घनता 1.000 किंवा त्याखाली उतरली आणि दोन-तीन दिवस हलली नाही, तरच साखर संपली. दोन आकड्यांतल्या फरकाला 131 नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी निघते, इथं सव्वासहाच्या जवळपास.