मुक्त संशोधनपत्रिका: खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाची पार्श्वभूमी

एखाद्या विद्यापीठ विभागाला किंवा अभ्यासमंडळाला आज विनामूल्य ऑनलाइन संशोधनपत्रिका सुरू करायची असेल, तर तांत्रिक अडचण फारशी उरलेली नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन विलिन्स्की यांच्या पुढाकाराने तयार झालेली ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही संगणक प्रणाली २००१ पासून कोणालाही फुकट वापरता येते. निबंध स्वीकारणे, परीक्षकांकडे पाठवणे, दुरुस्त्या मागवणे आणि अंक प्रसिद्ध करणे ही सारी कामे तिच्यात होतात. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. परीक्षक बहुधा मानधन घेत नाहीत, आणि शोधनिबंधाच्या लेखकाला तर ते कधीच मिळत नव्हते. जिथे मुख्य श्रमच विनामोबदला होतात, तिथे वाचकाकडून पैसे घेण्याची प्रथा मुळात कशी रुजली आणि ती मोडताना पैशांचा भार कोणाकडे सरकला, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या वादांचा उलगडा होत नाही.

संशोधनपत्रिका हा पूर्वी किफायतीचा धंदा नव्हता. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ स्वतःच्या जबाबदारीवर काढले. त्यातून चार पैसे सुटतील अशी त्यांची आशा होती, पण ती फारशी फळाला आली नाही. १७५२ मध्ये सोसायटीनेच ते आपल्याकडे घेतले आणि पुढे दीर्घकाळ पदरमोड करून चालवले. अंकांच्या बऱ्याच प्रती विद्वत्संस्थांना आणि ग्रंथालयांना भेट किंवा विनिमय म्हणून जात. आपल्याकडच्या जुन्या संशोधनसंस्थांनीही आपले अंक देऊन परदेशी अंक मिळवण्याची ही रीत अनेक वर्षे पाळली. म्हणजे पैसे न मोजता संशोधन वाचायला मिळणे ही काही इंटरनेटची देणगी नव्हे.

चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारांनी विज्ञानात मोठा पैसा ओतला, विद्यापीठे वाढली, निबंधांची संख्या फुगली आणि विद्वत्संस्थांच्या जुन्या पत्रिकांना तो भार पेलवेना. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ मध्ये एक छोटी प्रकाशनसंस्था विकत घेऊन तिचे नाव ‘पर्गामन प्रेस’ ठेवले आणि विज्ञानाच्या प्रत्येक नव्या उपशाखेसाठी एकेक नवी पत्रिका काढण्याचा सपाटा लावला. या धंद्याचे मर्म त्यांनी अचूक हेरले होते. कोणतीही संशोधनपत्रिका दुसरीची जागा घेऊ शकत नाही, कारण एकीतला निबंध दुसरीत नसतो. त्यामुळे ग्रंथालयाला दोन्ही घ्याव्या लागतात. शिवाय वाचणारा प्राध्यापक एक आणि बिल भरणारे ग्रंथालय दुसरे, त्यामुळे भाव वाढला म्हणून मागणी लगेच घटत नाही. १९९१ मध्ये पर्गामन ‘एल्सेव्हिअर’कडे गेली, तोवर वर्गण्यांची वाढ महागाईला मागे टाकून पुढे गेली होती. त्याच वर्षीच्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर-पौंडांत वर्गणी भरणाऱ्या भारतीय ग्रंथालयांना हा फटका दुप्पट जाणवला. परदेशी पत्रिका बंद करण्याची यादी करणे हे तेव्हाच्या ग्रंथपालांचे सर्वांत अप्रिय काम असावे.

योगायोग असा की १९९१ च्या ऑगस्टमध्येच अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने, छापून येण्यापूर्वीचे निबंध सर्वांना पाहता येतील अशी संगणकीय व्यवस्था सुरू केली. तीच पुढे ‘आर्काइव्ह’ म्हणून प्रसिद्ध झाली. मात्र ती निबंधांची कोठी होती. परीक्षण करणारी पत्रिका नव्हती.

पत्रिकांच्या बाबतीत मोठा झगडा २००० च्या सुमारास उभा राहिला. हॅरॉल्ड व्हार्मस, पॅट्रिक ब्राउन आणि मायकेल आयझेन या शास्त्रज्ञांनी एक खुले पत्र काढले: जे प्रकाशक निबंध प्रसिद्धीनंतर सहा महिन्यांत सार्वजनिक संग्रहात विनामूल्य ठेवणार नाहीत, त्यांच्या पत्रिकांत आम्ही लिहिणार नाही, त्यांच्यासाठी परीक्षणही करणार नाही. सुमारे ३४,००० जणांनी त्यावर सह्या केल्या. २००१ च्या सप्टेंबरची मुदत उलटली, बहुतेक प्रकाशक जागचे हलले नाहीत, आणि सह्या करणाऱ्यांपैकी बरेच जण पूर्वीच्याच पत्रिकांत लिहीत राहिले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याची नोकरी आणि बढती विशिष्ट पत्रिकांतील नावावर अवलंबून असते, त्याने बहिष्कार किती काळ पाळावा? बहिष्काराने काही साधत नाही हे दिसल्यावर याच मंडळींनी एका खासगी प्रतिष्ठानाच्या ९० लाख डॉलरच्या अनुदानातून ऑक्टोबर २००३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ ही स्वतःची पत्रिका काढली. दरम्यान, डिसेंबर २००१ मध्ये बुडापेस्टला झालेल्या बैठकीतून १४ फेब्रुवारी २००२ रोजी जे निवेदन प्रसिद्ध झाले, त्याने ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणजे मुक्त प्रवेश या संकल्पनेची व्याख्या रूढ केली. नुसते फुकट वाचणे नव्हे, तर उतरवून घेणे, प्रती काढणे, वाटणे, संगणकाकडून धुंडाळणे हे सारे त्या व्याख्येत बसते. लेखकाचे श्रेय आणि मजकुराची अखंडता एवढीच अट राहते.

‘प्लॉस बायॉलॉजी’ने मात्र खर्च भागवण्यासाठी निबंध स्वीकारल्यावर लेखकाकडून १,५०० डॉलर घ्यायचे ठरवले. भरघोस अनुदानावर चालणाऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेसाठी ही रक्कम किरकोळ असेल. आपल्याकडील महाविद्यालयातल्या प्राध्यापकासाठी ती नव्हती. बुडापेस्टच्या निवेदनात लेखकशुल्क ही खर्च भागवण्याच्या अनेक वाटांपैकी एक होती, पण मोठ्या प्रकाशकांना हीच वाट सर्वांत मानवली.

याच काळात मुंबईत वेगळा प्रयोग चालला होता आणि त्याची दखल आपल्याकडेच कमी घेतली जाते. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीतर्फे १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघते. इंटरनेटवर आल्यावर तिने वाचकाकडून आणि लेखकाकडूनही शुल्क न घेण्याचे धोरण ठेवले. डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईतच सुरू केलेल्या ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने हेच सूत्र अनेक भारतीय वैद्यकीय पत्रिकांना लागू केले. छापील अंकाची वर्गणी आणि जाहिराती चालू ठेवायच्या आणि ऑनलाइन अंक पूर्ण मोकळा करायचा, असे ते सूत्र होते. फुकट मिळते तर छापील अंक घेणार कोण, ही शंका रास्त होती. पण ज्या पत्रिकांना परदेशात मुळात वर्गणीदारच मोजके होते, त्यांना गमावण्यासारखे फारसे नव्हते, आणि वाचक मिळाल्यावर बाहेरून निबंधही येऊ लागले. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसनेही १९९८ मध्ये ‘प्रमाण’ हे भौतिकशास्त्राचे नियतकालिक लेखकशुल्काशिवाय ऑनलाइन मोकळे केले आणि पुढे आपली इतर नियतकालिकेही त्याच वाटेने नेली. ब्राझीलमध्ये ‘सायेलो’ या सार्वजनिक निधीवरच्या उपक्रमाने याच सुमारास शेकडो पत्रिकांसाठी वाट करून दिली. वाचक आणि लेखक दोघांकडूनही काही न घेणाऱ्या या पद्धतीला आता ‘डायमंड’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नंतरचे आहे, वहिवाट आपल्याला परिचित होती. २०११ मध्ये ‘मेडनो’ ही वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली, हेही याच हकिगतीत नोंदवायला हवे.

लेखकशुल्काचा सर्वांत कडू परिणाम भारतात दिसला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या प्रकाशनांच्या गुणांशी बांधल्या. प्रकाशन हवे असणारे हजारो प्राध्यापक आणि पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी संकेतस्थळे यांची गाठ पडायला वेळ लागला नाही. अशा पत्रिकांना ‘प्रीडेटरी’ म्हणजे भक्षक हे विशेषण अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांनी त्याच वर्षी रूढ केले होते. मात्र ‘भक्ष्य’ म्हणवणारा लेखक अनेकदा स्वखुशीने पैसे मोजत होता. आयोगाने २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी केली. विद्यापीठांच्या शिफारशीने तीत शिरलेल्या पत्रिकांची तपासणी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असा निष्कर्ष निघाला. मे २०१८ मध्ये ४,३०५ पत्रिका यादीतून वगळल्या गेल्या, आणि २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राच्या मदतीने ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली. या गदारोळात प्रामाणिकपणे चालणाऱ्या, शुल्क न घेणाऱ्या छोट्या ऑनलाइन पत्रिकांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. फुकट आणि फालतू यांतला फरक सांगत बसणे हे त्यांच्या संपादकांच्या माथी आलेले जादा काम होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतील वाचक. विद्यार्थ्यांची सोय होईल यात शंका नाही. तरी ही रक्कम मुख्यतः बंद दारामागचे वाचण्यासाठी आहे. आपल्या पत्रिका मोकळ्या ठेवण्यासाठी लागणारे पैसे या रकमेच्या तुलनेत अगदी नगण्य ठरावेत. संपादन-साहाय्यक, मजकुराची मांडणी, सर्व्हर, प्रत्येक निबंधाचा डीओआय (कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) आणि जतनाची सोय, एवढाच मुक्त पत्रिकेचा खरा खर्च असतो, आणि तो कोणीतरी दरवर्षी न चुकता द्यावा लागतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादीही मोडीत काढली आणि पत्रिका पारखण्याचे काम संस्थांवर सोपवले. पारखण्यासाठी सुचवलेल्या निकषांवर लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. त्यामुळे आता नवी मुक्त पत्रिका काढणाऱ्याला एका यादीत नाव लावून भागणार नाही. परीक्षणाची पद्धत, संपादक मंडळ आणि शुल्क नसल्याचा स्पष्ट उल्लेख संकेतस्थळावर ठेवून प्रत्येक विद्यापीठाची खात्री स्वतंत्रपणे पटवावी लागेल.