लपायचं तर गर्दी हवी

ब्राउझरची 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडली की आपण निनावी झालो, असं पुष्कळांना वाटतं. ती खिडकी फक्त आपल्याच यंत्रावरच्या खुणा पुसते. समोरच्या संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक, दिसतोच. व्हीपीएनने, म्हणजे आपली रहदारी एका कंपनीच्या संगणकावरून वळवणाऱ्या सेवेने, तो झाकता येतो, पण मग सगळी भिस्त एका कंपनीवर. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार या कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते ५ वर्षं ठेवायचे आहेत.

टोर हे निनावी वावरासाठीचं जाळं ही भिस्त तिघांत वाटतं. त्याचा ब्राउझर जगभरच्या स्वयंसेवकांच्या हजारो संगणकांतून तीन निवडतो आणि संदेशावर एकावर एक तीन कुलुपं चढवतो. प्रत्येक संगणक आपलं तेवढं एक कुलूप काढतो. पहिल्याला आपण कळतो, मुक्काम नाही. तिसऱ्याला मुक्काम कळतो, आपण नाही. मधल्याला दोन्ही नाही. या वळशापायी पानं सावकाश उघडतात.

ही कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. मग ती सगळ्यांना खुली का केली? एकटं नौदलच ती वापरत राहिलं असतं, तर तिथून निघालेला प्रत्येक संदेश नौदलाचा, हे उघडच होतं. निनावीपणाला गर्दी लागते ती अशी.

गर्दी नसली की काय होतं, ते डिसेंबर २०१३मध्ये हार्वर्डला दिसलं. परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टोरवरून बॉम्बच्या धमकीचे ईमेल पाठवले. टोर कुणी फोडलं नाही. त्या सुमारास विद्यापीठाच्या वायफायवरून टोर कोण वापरत होतं, एवढंच तपासलं गेलं आणि तो सापडला. आपण कुणाशी बोलतोय ते टोर लपवतं. आपण टोर वापरतोय हे नाही.

म्हणूनच टोर ब्राउझरमध्ये वेगळी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरची जादा जोडण्या, घालू नयेत. त्यांनी सगळ्यांसारखा दिसणारा आपला ब्राउझर वेगळा दिसू लागतो. स्वतःच्या खात्यात लॉगिन केलं, तर तिथे सगळंच संपलं.

सरकारी गैरव्यवहार उघड करणारा आणि अमली पदार्थ विकणारा याच गर्दीत उभे असतात. फक्त सज्जनांना आत घेणारं दार तंत्रज्ञानात बसवता येत नाही, आणि बसवल्याचा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

समाजमाध्यमांवर आपल्याला छळणारी खोटी खाती मात्र टोरवरूनच येतात असं नाही. अशा वेळी स्क्रीनशॉटसोबत खात्याची लिंक, तारीख, वेळ लगेच टिपून cybercrime या सरकारी तक्रार पोर्टलऐवजी थेट जवळच्या सायबर पोलिसांकडे गेलं तरी चालतं. खातं बंद झाल्यावर नोंदणीची माहिती १८० दिवस जपण्याचं बंधन समाजमाध्यमांवर २०२१च्या नियमांनी घातलं आहे. तक्रार त्या मुदतीत पोचायला हवी.