द्वेषाशिवाय दुरावा

बुद्धिबळाचा पट घ्या. चार कोपऱ्यांतली घरं रिकामी ठेवा आणि उरलेल्या ६० घरांत तांबड्या-पांढऱ्या सोंगट्या आलटूनपालटून मांडा. प्रत्येक सोंगटी म्हणजे एक कुटुंब, आणि भोवतालची आठ घरं हा तिचा शेजार. तिची अट काही फार जाचक नाही. एकच शेजारी असेल तर तो आपल्या रंगाचा हवा. दोन असतील तर निदान एक, तीन ते पाच असतील तर दोन, सहा ते आठ असतील तर तीन. म्हणजे आठातले पाच शेजारी दुसऱ्या रंगाचे असले तरी तिची तक्रार नाही. आलटूनपालटून मांडलेल्या पटावर सगळ्याच खूष असतात.

आता डोळे झाकून २० सोंगट्या उचला आणि रिकाम्या घरांत कुठेही पाच परत ठेवा. काही सोंगट्यांची अट मोडेल. त्यांना जवळच्या सोयीच्या घरात हलवा. एक हलली की मागे राहिलेल्यांचा एक सोबती कमी होतो आणि ती जिथे जाते तिथल्यांचा हिशेबही बदलतो. मग आणखी दोघी हलतात. पट शांत होतो तेव्हा मात्र तांबड्यांचा मोहल्ला एकीकडे आणि पांढऱ्यांचा दुसरीकडे झालेला असतो. असं व्हावं अशी इच्छा एकाही सोंगटीची नव्हती.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी हा खेळ १९६९ आणि १९७१ सालच्या लेखांत मांडला. संगणक न वापरता, पटावर नाणी सरकवून. (२००५ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते गेम थिअरीतल्या, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या अभ्यासातल्या, कामासाठी.) आज हाच खेळ संगणकावर हजारो सोंगट्या घेऊन खेळता येतो. ‘निदान ३० टक्के शेजारी आपल्यासारखे असावेत’ एवढीच अट घातली, तरी शेवटी सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास शेजारी आपल्याच रंगाचे निघतात. अट खूपच कडक केली तर उलट कुणालाच मनासारखी जागा सापडत नाही आणि पट कधी स्थिरावतच नाही. वस्त्या सगळ्यात नीटनेटक्या वेगळ्या होतात त्या मधल्या, समंजस वाटणाऱ्या अटींखाली.

शेलिंग यांचं नाव सगळे घेतात, मानसशास्त्रज्ञ जेम्स साकोडा यांचं फारसं कुणी घेत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांत साकोडाही होते. छावणीत राहूनच ते तिथल्या समाजाची निरीक्षणं टिपत होते. कोण कुणाच्या जवळ सरकतं आणि कोण कुणाला टाळतं, याची पटावरच्या सोंगट्यांसारखी मांडणी त्यांनी १९४९ सालच्या प्रबंधात केली. ती पुढे १९७१ साली छापून आली, तीही शेलिंग यांचा लेख ज्या नियतकालिकात आला त्याच्याच पहिल्या खंडात. साकोडा यांचं मॉडेल जास्त व्यापक होतं. त्यात आकर्षण, दुरावा आणि बेफिकिरी असं सगळं बसत होतं, आणि शेलिंग यांचा खेळ हा त्यातला एक खास प्रकार ठरतो. तरी पाठ्यपुस्तकांत उरले शेलिंग. साकोडा ओरिगामीचेही जाणकार होते, हे जाता जाता.

पुढे या पटावर भौतिकशास्त्रज्ञ उतरले. २००६ साली खगोलभौतिकीचे अभ्यासक देयान विंकोविच आणि अर्थतज्ज्ञ ॲलन कर्मन यांनी दाखवलं की सोंगट्यांचे समूह पृष्ठताणाखालच्या द्रवासारखे वागतात. समूहाच्या पोटातली सोंगटी खूष असते, नाखुशी असते ती सीमेवर. त्यातही सीमा जिथे जास्त वाकलेली तिथे परके शेजारी जास्त. त्यामुळे छोटे समूह विरघळतात आणि मोठे आणखी मोठे होतात. पाण्यात तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठा थेंब होतो, तसंच. या साम्यामुळे भौतिकीची तयार हत्यारं समाजशास्त्राच्या हाती आली. दुसऱ्या बाजूने अर्थतज्ज्ञ रोमान्स पांच आणि निकोलास फ्रीन्ट यांनी २००७ साली आणखी चक्रावणारी गोष्ट सांगितली: प्रत्येकाला मनापासून अर्धा-अर्धा मिश्र शेजारच हवा असला, तरी या खेळात वस्त्या वेगळ्या होऊ शकतात.

इथे एक धोका आहे आणि तो मला मोठा वाटतो. असं मॉडेल हाती आलं की ‘बघा, यात कुणाचाच दोष नाही’ म्हणायचा मोह होतो. पण मॉडेल एवढंच सांगतं की हे कारण पुरेसं आहे. प्रत्यक्षात हेच कारण होतं, असं ते सांगत नाही. अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्या वस्त्या नुसत्या सरकासरकीतून तयार झाल्या नाहीत. १९३०च्या दशकात ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्थेच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी धोक्याच्या, दाखवल्या होत्या. ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’नं अशा ठिकाणच्या गृहकर्जांना हमी नाकारली. संघटित भेदभाव आणि पैशाचा प्रभाव या गोष्टी आपण बाजूला ठेवतो आहोत, हे स्वतः शेलिंग यांनीही स्पष्ट लिहून ठेवलं होतं.

मग मॉडेलचा उपयोग काय? माझ्या मते तो पुढच्या टप्प्यावर आहे. वेगळ्या झालेल्या पटापासून सुरुवात करा आणि सोंगट्यांची अट आणखी सैल करा, अगदी १० टक्क्यांवर आणा. काहीच घडत नाही. प्रत्येक सोंगटी आपल्याच लोकांत बसलेली आहे, अट पूर्ण झालेली आहे, मग हलायचं कशाला? १९६८ साली ‘फेअर हाउसिंग ॲक्ट’नं घर देताना वंशावरून भेदभाव करायला मनाई केली, पण वस्त्या आपोआप मिसळल्या नाहीत, यामागची एक बाजू हा पट दाखवतो. भिंत जबरदस्तीनं उभी राहिलेली असली तरी ती टिकायला सौम्य आवडनिवडही पुरते. सोंगट्यांना ‘सगळेच आपल्यासारखे नकोत’ अशी दुसरी अट घातली तरच पट पुन्हा हलू लागतो.

मतांच्या बाबतीत कोडं उलट होतं. लोक एकमेकांचं ऐकून आपलं मत थोडं बदलतात, असं समीकरणात लिहिलं की उत्तर हमखास ‘सगळ्यांचं एकमत’ येई. मग जगात मतभेद टिकतात कसे, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एबलसन यांनी १९६४ सालीच मांडला होता. त्याचं एक साधं उत्तर २०००च्या सुमारास आलं. फ्रान्समध्ये गिलोम दफ्युआं आणि सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत राइनर हेगसेलमन आणि उलरिश क्राउजे यांनी, माणसाच्या ऐकण्याला मर्यादा घातली. समजा मतं ० ते १०० या पट्टीवर आहेत. दोघं भेटले आणि त्यांच्यातलं अंतर ठरावीक मर्यादेच्या आत असलं, तर दोघंही मध्याकडे सरकतात. नाहीतर नमस्कार करून आपापल्या वाटेनं जातात. मर्यादा ५० ठेवली तर एकमत होतं. २० ठेवली तर साधारण दोन गट पडतात, १० वर पाचेक.

इथेही कुणी कुणाचा शत्रू नाही, फक्त लांबच्याचं ऐकायचं सोडून दिलं आहे. मात्र या मॉडेलमध्ये कुणीही मूळच्या टोकांपलीकडे जात नाही. समाजाचे तुकडे का पडतात ते कळतं, पण माणसं अधिकाधिक टोकाची का होतात ते कळत नाही. त्यासाठी ‘दुसऱ्याचं ऐकून आणखी लांब सरकणं’ असं काहीतरी गृहीत धरावं लागतं. असं खरंच घडतं का, ते बघायला माणसांवर प्रयोग करावे लागतात. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोफर बेल यांच्या गटानं २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचे संदेश वाचायला लावले. रिपब्लिकन अधिक पुराणमतवादी झाले. डेमोक्रॅटही किंचित अधिक उदारमतवादी झाले, पण ते सांख्यिकीच्या कसोटीवर टिकण्याइतकं नव्हतं. म्हणून ‘दोन्ही बाजू दाखवा, भांडण मिटेल’ हा उपाय ऐकला की मला आता शंका येते. ‘समविचारी मजकूरच माणसांना टोकाचं करतो’ या समजुतीचीही तीच गत आहे. २०२० सालच्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुकच्या २३,३७७ वापरकर्त्यांना समविचारी मजकूर सुमारे एक तृतीयांशानं कमी दाखवला गेला. त्यांच्या राजकीय मनोवृत्तीत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. ‘आपलाच आवाज परत ऐकू येणाऱ्या खोल्या’ ही कल्पना मॉडेलमध्ये छान बसते, पण प्रत्यक्षात तिचा जोर ठिकठिकाणी वेगळा निघतो.

विषमतेचा खेळ मात्र सगळ्यात निर्दय आहे. त्याचा एक धागा कोलकात्याला जातो. १९९५ साली तिथल्या परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ यूजीन स्टॅन्ली यांनी ‘इकोनोफिजिक्स’ (अर्थव्यवहारांचा भौतिकीच्या पद्धतींनी अभ्यास) हा शब्द वापरात आणला, आणि तिथल्या साहा इन्स्टिट्यूटमधले बिकास चक्रवर्ती आणि अनिर्बन चक्रवर्ती यांनी २००० साली माणसांमधल्या पैशाच्या देवघेवीला वायूच्या रेणूंच्या टकरीसारखं मांडलं. अनिर्बन यांनी २००२ साली दिलेला एक प्रकार पुढे ‘यार्ड सेल’ मॉडेल म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यात दोघं नाणेफेक करतात, आणि पणाला लागतो दोघांतल्या गरिबाच्या संपत्तीचा ठरावीक हिस्सा.

समजा एकाकडे १,००० नाणी आहेत, दुसऱ्याकडे १००, आणि हिस्सा २० टक्के. नाणेफेक अगदी सरळ आहे, जिंकायची शक्यता निम्मी-निम्मी. गरीब एकदा जिंकला: १२०. पुढच्या वेळी पैज २४ ची, आणि तो हरला: ९६. आधी हरून मग जिंकला तरी १०० वरून ८०, आणि ८० वरून ९६च. बरोबरीत सुटूनही चार नाणी गेली, आणि श्रीमंताला त्याचा पत्ताही लागला नाही. अशा दहा जोड्या झाल्या की गरिबाकडे सुमारे ६६ उरतात. गर्दीत हाच खेळ चालू ठेवला तर शेवटी जवळजवळ सगळी नाणी एकाकडे जमतात. त्याच्यात कौशल्य नाही, लबाडी तर नाहीच. टफ्ट्स विद्यापीठाचे ब्रूस बोगोसियन यांनी यात एक भर घातली: दर फेरीनंतर प्रत्येकाकडून संपत्तीच्या प्रमाणात थोडं गोळा करून सर्वांत सारखं वाटायचं. तेवढ्यानं नाणी एकाच हातात साचायची थांबतात आणि विषमता एका पातळीवर स्थिरावते.

हे तीन खेळ वर्षानुवर्षं तीन वेगळ्या विभागांत खेळले गेले. खरी गंमत त्यांना जोडण्यात आहे, कारण माणूस तिन्ही पटांवर एकाच वेळी उभा असतो. पैसा घर ठरवतो, घर ओळखी ठरवतं, आणि ओळखीतून पुढच्या पिढीचा पैसा ठरतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली फेसबुकवरच्या २१ अब्ज मैत्र्यांची माहिती तपासून ही साखळी अमेरिकेपुरती मोजली. ज्या भागात गरीब आणि सुस्थितीतल्या लोकांत मैत्री जास्त, तिथली गरीब मुलं मोठेपणी जास्त कमावतात. सुस्थितीतल्या मुलांना भोवती जेवढे सुस्थितीतले मित्र मिळतात, तेवढेच मिळतील अशा ठिकाणी गरीब मुलं वाढली, तर त्यांचं उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल असा त्यांचा अंदाज आहे.

त्याच माहितीतला दुसरा निष्कर्ष शेलिंगच्या पटाला थेट भिडतो. दोन वर्गांमधल्या दुराव्यापैकी साधारण निम्मा भाग माणसं एकमेकांच्या आसपासच नसल्यामुळे होता. उरलेला निम्मा, एकाच शाळेत किंवा एकाच वस्तीत असूनही मैत्री न झाल्यामुळे. आणि हे न जुळणं जागेप्रमाणे बदलत होतं: मोठ्या शाळांत ते जास्त होतं, प्रार्थनास्थळांत जमणाऱ्या गटांत सगळ्यात कमी.