जागतिक आरोग्य विषमता : पदव्युत्तर अभ्यास

देश, वर्ग, जात, लिंग आणि वस्ती यांनुसार आजारपण, मृत्यू आणि उपचार यांत पडणारी जी तफावत टाळता आली असती, तिचा अभ्यास. म्हातारपणी मृत्युदर वाढतो, ही तफावत निसर्गाची. औषध अस्तित्वात असूनही ते परवडत नाही म्हणून क्षयाचा रुग्ण दगावतो, तो अन्याय. ही रेघ कुठे ओढायची हा या विषयाचा गाभा आहे. म्हणूनच इथे साथरोगशास्त्र (रोग कुणाला, कुठे आणि का होतात याचे शास्त्र) आणि संख्याशास्त्राच्या जोडीला अर्थकारण, कायदा आणि न्यायविचार शिकावा लागतो. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे भारताच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले होते. प्राथमिक आरोग्यसेवेचा १९७८ चा अल्मा-आटा जाहीरनामा आणि आरोग्यामागची सामाजिक कारणे तपासणाऱ्या, मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा २००८ चा अहवाल हे त्यापुढचे टप्पे.

मुंबईत या अभ्यासाचे मुख्य ठिकाण देवनार. टाटा समाजविज्ञान संस्थेत (स्थापना १९३६) सामाजिक साथरोगशास्त्रात दोन वर्षांचा एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) अभ्यासक्रम सुरू झाला. जवळच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (१९५६) आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून तिच्याकडे आहे. गोवंडी, शिवाजीनगर इथल्या गरीब वस्त्या आणि देवनारची कचराभूमी महापालिकेच्या याच एम पूर्व प्रभागात येतात. वर्गात शिकलेले पडताळायला लांब जावे लागत नाही.

विषमता मोजताना पहिली चूक होते ती एकाच आकड्यावर विसंबल्याने. समजा, दर हजारी बालमृत्यू गरीब वस्तीत ४० आणि सधन वस्तीत २० आहेत. दहा वर्षांनी ते २५ आणि १० झाले. अंतर २० वरून १५ वर आले, पण गुणोत्तर २ वरून २.५ झाले. विषमता घटली म्हणणारा आणि वाढली म्हणणारा, दोघेही खरे बोलत असतात. म्हणून दोन्ही आकडे द्यावेत.

दुसरी अडचण संपत्ती निर्देशांकाची. घरातली वीज, टीव्ही, मोबाइल, पंखा अशा वस्तू आणि घर, पाणी, संडास यांवरून कुटुंबांचे पाच गट पाडतात, तेही देशपातळीवर. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीतही यातल्या बहुतेक वस्तू असतात, त्यामुळे ते कुटुंब वरच्या गटांत जाऊन बसते आणि शहरातली दरी दिसेनाशी होते. शहरापुरते गट नव्याने पाडावेत. पाण्याचा नळ, स्वतःचा संडास, दरडोई जागा हे वेगळेही पाहावे.

मृत्युनोंदी तर हमखास फसवतात. मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो. गोवंडीचा रुग्ण परळच्या केईएममध्ये गेला तर नोंद एफ दक्षिण प्रभागात पडते. राहत्या पत्त्यानुसार नोंदी वेगळ्या न काढता प्रभागाचा दर काढला, तर रुग्णालयाभोवतीचा भाग जास्त आजारी ठरतो आणि जिथून माणसे आली तो निरोगी. पत्ता गावचा दिलेला असेल तर पेच आणखी वाढतो.

क्षेत्रकामात कुलूपबंद घर सोडून शेजारचे घेऊ नये. कुलूप असते ते मजुरी शोधायला नाक्यावर किंवा घरकामाला गेलेल्यांच्या दाराला; त्यांना वगळले की पाहणीतून नेमके सर्वात अडलेले लोक गळतात. संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जावे, किमान तीन फेऱ्या कराव्यात. नळाला पाणी येण्याची वेळ मात्र टाळावी. त्या अर्ध्या तासात बाईला प्रश्नावलीसाठी अडवणे हाही अन्यायच.

जागतिक हा शब्द अभ्यासक्रमात नुसता शोभेला नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरच्या बेडाक्विलीन या औषधाचे पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनला २०२७ पर्यंत लांबवायचे होते. या रोगातून उठलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. जुन्या उपचारातल्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, जुलैमध्ये मूळ पेटंट संपले आणि इतर उत्पादकांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली.